ओहायोतली सूट ह्यूस्टनच्या चेकला चालते का?

कोलंबसचा_वाणी
आमची छोटी एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी), ओहायोतच नोंदलेली. किराणा दुकानांना पोहे, मसाले, पापड घाऊक देतो. बँकेचा ताळा जुळवताना चार-पाच वर्षांपूर्वीचे न वटलेले चेक निघाले: क्लीव्हलंडची खोकी पुरवणारी कंपनी, टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा मसालेवाला (४१२ डॉलर), आणि गोदामातून काम सोडून गेलेल्या मुलाचा शेवटचा पगार. शिवाय डेटनच्या एका दुकानाने एक बिल दोनदा भरलंय. असे कोणी न नेलेले पैसे राज्य सरकारकडे भरावे लागतात म्हणे. पण हिशेबनीस म्हणतो, ओहायोत त्यातून बी-टू-बी (एका व्यवसायाचं दुसऱ्या व्यवसायाला देणं) सूट आहे, सगळं उत्पन्नात घ्या. घेऊ का?

खतावणी
थांबा जरा. मी याच कामात आहे.

सूट आहे हे खरं. माल किंवा सेवेच्या व्यवहारात एका व्यवसायाने दुसऱ्याला देणं असलेली रक्कम, जादा भरणा, रिबेट, हे ओहायोचा कायदा 'अनक्लेम्ड फंड्स'मध्ये, म्हणजे सरकारकडे भरायच्या बेवारस पैशांत, धरतच नाही. क्लीव्हलंड आणि डेटन ओहायोतलेच, ते सुटले. बिलं मात्र जपून ठेवा, ऑडिट आलं तर सूट तुम्हालाच सिद्ध करायची असते. आणि डेटनवाल्याला फोन करा हो! सरकार मागत नाही म्हणून त्याचे पैसे आपले होत नाहीत.

ह्यूस्टनचं तसं नाही. १९६५ च्या टेक्सास विरुद्ध न्यू जर्सी खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवलं की ज्याचे पैसे, त्याचा तुमच्या वहीतला शेवटचा पत्ता ज्या राज्यात, पहिला हक्क त्या राज्याचा. तुमची कंपनी कुठली हा प्रश्न पत्ताच नसेल तेव्हा येतो. टेक्सासमध्ये ही सूट नाही. तीन वर्षं उलटली की १ जुलैपर्यंत तिकडे कळवून पैसे भरायचे.

पगाराला तर कुठलीच बी-टू-बी सूट नाही, तो माणसाचा पैसा. ओहायोत एका वर्षातच बेवारस ठरतो.

कोलंबसचा_वाणी
ह्यूस्टनचा चेक बहुधा चुकून दुसऱ्यांदा निघाला होता. मग?

खतावणी
मग देणंच नव्हतं, सूट शोधायची गरज नाही. पहिला चेक वटल्याचं स्टेटमेंट आणि त्यांची 'काही येणं नाही' अशी ईमेल फाइलला लावा. 'बहुधा'वर कोणी सोडत नाही.

शिकागोची_सून
सूट कायमची समजू नका. आमच्या इलिनॉयमध्येही होती, २०१८ पासून काढून टाकली. आमच्या दुकानाला जुनी क्रेडिट्स (इतर धंद्यांच्या नावे जमा राहिलेल्या रकमा) पुन्हा उपसावी लागली.

खतावणी
अगदी. आणि वाणीसाहेब, त्या मुलाला आधी पत्र पाठवा. ओहायोने २०२५ च्या बजेटमध्ये याच बेवारस निधीतून ६० कोटी डॉलर ब्राउन्स या क्लीव्हलंडच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या नव्या स्टेडियमला ठेवलेत. त्यापेक्षा पगार पोराच्या खिशात गेलेला बरा.

कोलंबसचा_वाणी
त्याचा मामा आमचंच गिऱ्हाईक आहे. आज विचारतो.