मदत हवी आहे : आधी एमआरआय की आधी तुकडा तपासणी (बायोप्सी)?

चोपडेकर : पुतण्याच्या गुडघ्याच्या वर गाठ आली आहे. एक डॉक्टर म्हणतात एमआरआय करा, मग टाटाला जा. दुसरे म्हणतात उद्याच इथे तुकडा काढून तपासू, लगेच कळेल. काढू द्यायचा का? लवकर सांगा.

केळीबाग : वय किती? कधीपासून आहे? एक्स-रे काढला का? काहीच सांगितलं नाही भो.

चोपडेकर : वय १५. खेळताना पडला तेव्हापासून दुखतंय, रात्री झोपू देत नाही. एक्स-रेच्या रिपोर्टात 'पेरिऑस्टिअल रिअ‍ॅक्शन' लिहिलंय.

अमळनेरची सून : माझ्या भावाला तिथेच गाठ होती. ऑस्टिओकाँड्रोमा निघाला, साधी गाठ. काही करावं लागलं नाही. घाबरू नका.

सातपुडा : ताई, ती गाठ बहुतेक वेळा एक्स-रेवरच ओळखू येते. इथे 'पेरिऑस्टिअल रिअ‍ॅक्शन' आहे, म्हणजे हाडाचं आवरण डिवचलं जाऊन नवं हाड धरतंय. हाडात पू झाला तरी असं दिसतं, कॅन्सरमध्येही दिसतं. धीर द्या, पण थांबायला सांगू नका.

धुळेकर : आमच्याकडे हाडवैद्य आहेत, लेप लावतात. आधी तिथे दाखवा.

सातपुडा : धुळेकर, पोराच्या पायाचा प्रश्न आहे. अशा गाठीला लेप नाही आणि चोळणं तर मुळीच नाही.

एमआरआयवाला : मी एमआरआय टेक्निशियन आहे. आधी एमआरआयच. तुकडा काढायला सुई घातली की आत रक्त साकळतं, सूज येते, मग गाठ कुठवर पसरली ते नीट दिसत नाही. दुसरं, कॅन्सर निघाला तर सुईची वाटही गाठीसोबत कापून काढावी लागते. म्हणून जे सर्जन ऑपरेशन करणार, त्यांच्याच सल्ल्याने सुई घालायची. चुकीच्या जागेतून घातली तर वाचणारा पायही जाऊ शकतो.

केळीबाग : जळगावला एमआरआयचे किती घेतात? माझी कंबर धरली आहे.

सातपुडा : भाऊ, तुम्ही वेगळा धागा काढा. चोपडेकर, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, जनआरोग्य योजनेची चौकशी करा. टाटा परळला आहे, दादरला उतरा.

चोपडेकर : उद्याचं नको म्हणून कळवलं. एमआरआय फक्त गुडघ्याचा लिहून दिलाय, चालेल?

एमआरआयवाला : नाही. डॉक्टरांकडून 'पूर्ण मांडीचं हाड, खुब्यापासून गुडघ्यापर्यंत' असं लिहून घ्या. त्याच हाडात वर दुसरी छोटी गाठ असली तर गुडघ्याच्या एमआरआयमध्ये ती येणारच नाही. सीडी मागून घ्या आणि एक्स-रेची मूळ फिल्म घरी ठेवू नका, सोबत न्या. छातीचा सीटी स्कॅन तिथले डॉक्टर सांगतील.