काटा कधी चढतो? : जुन्या गाडीच्या तापण्याचे अनुभव

माझी गाडी 2003 ची, तीन सिलिंडरची, वडिलांनी घेतलेली. यंदाच्या मे महिन्यात तिनं मला चांगलंच नाचवलं. पन्हाळा चढून गेली तरी तापमानाचा काटा मध्याच्या पुढं सरकायचा नाही, आणि कावळा नाक्यावर दोन सिग्नल अडकलं की थेट लाल पट्टीत. एका गॅरेजात थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाणी रेडिएटरकडं सोडणारी झडप) बदलला. मग कुलंट. मग रेडिएटर उतरवून धुतला. पैसे गेले ते गेले, काटा आपला चढतोच आहे.

शेवटी एका वायरमनकडं गेलो. बॉनेट उघडायच्या आधी त्यानं विचारलं, "कधी तापते?"
"उभी असताना."
"आणि पळताना?"
"अजिबात नाही."
"मग इंजिनाच्या मागं कशाला लागलाय? पळताना वारा फुकट मिळतोय. उभी राहिली की तो फॅननंच द्यायचा."

त्यानं फॅनचं सॉकेट काढून बॅटरीवरनं दोन वायरी सरळ मोटरला दिल्या. फॅन ढिम्म. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं मोटरच्या पाठीवर दोनदा ठोकलं, आणि फॅन खडखडत फिरायला लागला. मोटर उघडली तर आतले कार्बन (फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणारे तुकडे) तुरीच्या डाळीएवढे उरलेले, खाली काळी पूड. कधी टेकायचे, कधी नाही. म्हणून तर गॅरेजात फॅन फिरताना दिसायचा आणि नाक्यावर रुसायचा.

तुमची गाडी कधी तापली आणि शेवटी काय निघालं? कुठला पार्ट बदलला यापेक्षा तो दोष सापडला कसा, ते जरा सविस्तर लिहा.

व्हीनस कॉर्नर
2021 च्या जुलैत आमच्या पार्किंगला पाणी चढलं. गाडी बाहेर काढेपर्यंत बंपर बुडाला होता. इंजिनात पाणी गेलं नाही म्हणून आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. पुढच्या उन्हाळ्यात तापायला लागली.
गंमत अशी की एसी लावला की फॅन फिरायचा आणि काटा खाली यायचा. एसी बंद केला की परत चढायचा. बायको म्हणाली, "मग एसी लावूनच चालवा की!" महिनाभर तेच केलं, खोटं कशाला सांगू. पण त्यातच उत्तर होतं. एसीवर फॅन फिरतो म्हणजे मोटर शाबूत, दोष पाण्याच्या तापमानावर फॅन चालू करणाऱ्या बाजूला. आमच्या गाडीत रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यात फॅन स्विच आहे, पाणी साधारण 95 अंशांला गेलं की तो लागतो. त्याचं सॉकेट ओढलं तर पिना हिरव्या, मीठ धरल्यासारख्या. सॉकेटमधली दोन टोकं वायरच्या तुकड्यानं जोडली की फॅन सुरू. सॉकेट आणि स्विच बदलला, विषय संपला.
एक सांगतो : ही दोन टोकं जोडायची युक्ती दोन पिनांच्या जुन्या स्विचलाच. कॉम्प्युटरवाल्या गाडीच्या सेन्सरला हे करू नका.

घाटकरी
आमची उलटी तऱ्हा. गावात, सिग्नलला, कुठंही नाही. वैभववाडीहून परत येताना करूळ घाट चढायला लागलो की तापायची. फॅन तर गरगर फिरतोय.
घाटात दम धरून वर यायला एकच उपाय कामाला आला : एसी बंद, हीटर फुल, काचा खाली. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, इंजिनाची थोडी उष्णता तो आत ओढून घेतो. मागच्या सीटवर आईनं सगळ्या देवांची नावं घेतली, पण गगनबावड्याला पोचलो.
निघालं काय? समोरून बघितलं तर जाळी स्वच्छ. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढं असलेली एसीची जाळी) सोडवल्यावर त्याच्या आणि रेडिएटरच्या मध्ये गोधडीसारखा थर. धूळ, पाचटाचे तुकडे, किडे. चार महिने उसाच्या ट्रॉल्यांमागं फिरण्याचा प्रताप. घरी धुणार असाल तर इंजिनाच्या बाजूनं पुढं, साध्या पाइपनं. सर्व्हिसिंगच्या जोराच्या फवाऱ्यानं जाळीची पानं झोपतात, मग वारा जायचाच नाही.

पुढारीचा कागद
छोटासा अनुभव. मोटर नवीन बसवली, फॅन जोरात, तरी सिग्नलला ताप. पेपरचं एक पान ग्रिलसमोर धरलं, तर चिकटायच्या ऐवजी ढकललं गेलं! वायरी उलट्या जोडलेल्या. फॅन वारा ओढायच्या ऐवजी पुढं फेकत होता. दोन वायरी अदलाबदल, पाच मिनिटं.

राधानगरी रोड
मला फक्त टोपणाबद्दल लिहायचंय. दाजीपूरहून येताना वाफ दिसली, गाडी थांबवली आणि घाईत रुमाल धरून रेडिएटरचं टोपण फिरवलं. उजव्या हाताच्या कोपरापर्यंत भाजलं. डाग अजून आहे. नंतर कळलं, टोपणावर 0.9 (बार, म्हणजे दाब) लिहिलेलं असतं ते उगाच नाही. तेवढ्या जादा दाबाखाली साधं पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास जाऊन उकळतं. टोपण सैल केलं की दाब जातो आणि सगळं पाणी एकदम उकळून उसळतं. अर्धा तास तरी थांबा, वरचा पाइप हातानं दाबून मऊ लागल्याशिवाय हात लावू नका. आणि गाडी बंद असली तरी काही गाड्यांचा फॅन अचानक सुरू होतो, बोटं सांभाळा.

उद्यमनगर
तीस वर्षं हेच काम करतोय म्हणून दोन गोष्टी. बाहेर कुठं गळत नाही, तरी टाकीत रोज पाणी घालायला लागतंय, म्हणजे गाडी पाणी खातेय. थंड इंजिन चालू करून रेडिएटरमध्ये बघा, बुडबुडे थांबतच नसतील तर हेड गॅस्केटवर (इंजिनाचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या पट्टीवर) संशय घ्या. ऑइलच्या टोपणाखाली दुधाळ साय दिसली तर गाडी चालवूच नका. तशीच ओढत आणली की हेड वाकतं, मग फेसिंगचा (हेड घासून सपाट करण्याचा) खर्च.
दुसरं, काटा अचानक खाली आला म्हणून खूश होऊ नका. पाणीच संपलं की सेन्सर कोरडा पडतो, त्याला काही कळत नाही. अशा किती गाड्या टोचनवर आल्या इथं.
आणि बोअरचं पाणी घालू नका. किटलीच्या बुडाला धरतं तसंच आत धरतं.

संध्यामठ
माझी मात्र भल्या पहाटे तापते, डिसेंबरात, रंकाळ्याला एक फेरी व्हायच्या आत. फॅन फिरतच नाही. मोटर बदलू का?

उद्यमनगर
थांबा. काटा वर असताना रेडिएटर गार आहे का गरम, ते हातानं बघा.

संध्यामठ
आज बघितलं. गार. अगदी गार.

उद्यमनगर
मग फॅन बरोबरच आहे, त्याच्यापर्यंत गरम पाणी पोचतच नाही. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय. काढून पातेल्यात पाणी गरम करून सोडा, 82 ते 88 च्या दरम्यान उघडायला पाहिजे. वहिनींचं चहाचं पातेलं घेऊ नका.