झरीवाटेला मास्तरांचं नाव द्यावं का?

माटोळी:
डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात येत्या ग्रामसभेत मी एक ठराव मांडणार आहे. देवळाच्या मागून उतरत झरीपर्यंत जाणारी जी वाट, जिला सगळे झरीवाट म्हणतात, तिला आमच्या दिवंगत मास्तरांचं नाव द्यावं. मास्तरांचं नाव इथे लिहीत नाही, कारण घरच्यांना अजून विचारलेलं नाही. गावात बोलणी सुरू झाली तशी दोन्ही बाजूंची मतं कानावर येऊ लागली. म्हणून इथे विचारते.

मास्तर मराठी प्राथमिक शाळेत शिकवायचे आणि रविवारी सायकल काढून हिंडायचे. झरीवर बायका ज्या दगडावर कपडे आपटायच्या, तो उलटा घातलेला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड, आहे हे त्यांनीच ओळखलं. कुणावर ओरडले नाहीत. आधी कपड्यांसाठी दुसरा सपाट दगड स्वतः पैसे मोजून आणून बसवला, आणि मग चार माणसं लावून वीरगळ सुलटा केला. तो पणजीच्या संग्रहालयात न्यावा असं काही जणांना वाटत होतं. मास्तरांनी नकार दिला. हा माणूस इथे लढून पडला, तो इथेच उभा राहू दे, एवढंच म्हणाले. आजही तो तिथेच आहे.

दुसरी गोष्ट पायऱ्यांची. झरीच्या चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, पायऱ्यांवर सिमेंट ओतायचं ठरलं होतं. मास्तर तीन दिवस तिथे जाऊन बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावत राहिले. चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि सोडतो. वर सिमेंट आलं की आतलं पाणी आतच कोंडतं, आणि चार पावसाळ्यांत चिऱ्याचा भुगा होतो. शेवटी चुन्यात काम झालं.

राज्यभर रस्त्यांना मंत्र्यांची नावं आहेत, जमीन देणाऱ्यांची आहेत. ज्याने गावाला गावाची ओळख करून दिली त्याला एक वाटसुद्धा नको का?

चिरेबंदी:
मीही मास्तरांचाच विद्यार्थी, आणि माझा विरोध आहे. हे लिहिताना मला बरं वाटत नाही.

तुला आठवतं का, पाचवीत त्यांनी आपल्याला एक वही करायला लावली होती? गावातलं प्रत्येक नाव आजी-आजोबांना विचारून आणायचं. शेताचं, कोंडीचं, मांडाचं, बांधाचं, पाणंदीचं. मी एकट्याने चाळीसेक नावं आणली होती. त्यातली निम्मी आज कुणाला माहीत नाहीत, कारण ती शेतंच राहिली नाहीत. तेव्हा ते सांगायचे की कागद जळतो, वाळवी खाते, पण लोकांच्या तोंडात बसलेलं नाव हा सगळ्यात जुना दस्तऐवज. झरीवाट या नावात माहिती आहे. इथे पाणी आहे आणि लोक त्या पाण्याकडे जात होते. उद्या झर आटली तर ती इथे होती हे सांगायला एवढा एकच शब्द उरेल.

त्यांच्या नावासाठी तोच शब्द पुसायचा? हा त्यांचा सन्मान मला पटत नाही.

पणजीकर:
मी तुमच्या गावचा नाही, पण हा प्रश्न मला जवळचा वाटतो. पणजीत म्युनिसिपल गार्डनजवळ कुन्य रिव्हार रस्ता आहे. त्या रस्त्यावरच्या एका ऑफिसात मी अकरा वर्षं होतो. पाकिटांवर तो पत्ता किती वेळा लिहिला असेल याची गणती नाही. हा माणूस कोण, हे मला नोकरी सोडल्यावर कळलं.

जुआकीं एलिओदोरु द कुन्य रिव्हार १८५५ साली पोर्तुगीज सरकारचा मुख्य सचिव म्हणून गोव्यात आला. त्याआधी तो पोर्तुगालमध्ये एव्होरा इथे ग्रंथपाल होता. इथल्या दप्तरखान्यातले जुने कागद त्याने खंडाखंडांनी छापून काढले. १८५८ साली कोकणी भाषेच्या इतिहासावर निबंध लिहिला, आणि त्याच्या आदल्या वर्षी फादर स्टीफन्सचं कोकणी व्याकरण पुन्हा छापलं. म्हणजे पणजीत एका इतिहासकाराच्या नावाचा रस्ता आहेच. पण त्यावरून चालणाऱ्या शंभर माणसांना विचारा, एकाला तरी सांगता येईल का?

पणजीच्याच फोंताइन्यश या जुन्या वस्तीतल्या ३१ जानेवारी रस्त्याचंही तसंच. पोर्तुगाल १६४० साली स्पेनपासून वेगळा झाला, त्याची ही तारीख असं पर्यटकांना सांगितलं जातं. पण ती घटना १ डिसेंबरची. ३१ जानेवारी म्हणजे १८९१ साली पोर्तु शहरात प्रजासत्ताकवाद्यांनी केलेला उठाव. पाटी जागेवर आहे आणि अर्थ बदलून गेला आहे. पाटीने आठवण टिकते यावर माझा विश्वास नाही.

माटोळी:
पणजीकर, तुम्हाला एक विचारते. कुन्य रिव्हार कोण हे तुम्ही शोधायला का गेलात? पाकिटावर ते नाव लिहिलं होतं म्हणूनच ना? त्या रस्त्याला नुसतं बाजाररस्ता म्हणत असते, तर अकरा वर्षांनीच काय, कधीच शोधलं नसतं. शंभरातल्या नव्याण्णवांना कळत नसेल. त्या एका माणसासाठीच मला पाटी हवी आहे.

पणजीकर:
हे मला मान्य करावं लागेल. मी खरंच त्या नावामुळेच शोधलं. फक्त पाटीवर नावाखाली दोन ओळी असू द्या. माझ्या रस्त्यावर त्या असत्या तर अकरा वर्षं वाया गेली नसती.

खाजनकाठ:
माझा मुद्दा वेगळा आहे. इतिहासकाराचं स्मारक म्हणजे त्याचं काम वापरात असणं. सत्तरीतल्या पिसुर्ले गावचे डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर घ्या. गोवा मुक्त होईपर्यंत तीसेक वर्षं दप्तरखाना त्यांनी सांभाळला. पोर्तुगीजांच्या राज्यमंडळाच्या बैठकींची इतिवृत्तं पाच खंडांत छापली. त्यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा मराठी ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६७ साली काढला. आज संभाजी महाराजांच्या १६८३ च्या गोवा मोहिमेबद्दल नीट काही लिहायचं तर त्यांच्याकडे जावंच लागतं. त्यांची आठवण वाचणारे ठेवतात.

तुमच्या मास्तरांनी मोडीतले कागद उतरवून काढले होते असं ऐकून आहे. ते कुठे आहेत? पुराभिलेखात, म्हणजे त्याच दप्तरखान्यात, गेले का? त्यांची सूची झाली का? हा दप्तरखाना १५९५ साली पोर्तुगीज इतिहासकार दियोगु द कोतुच्या हाताखाली सुरू झाला, त्याला कागद सांभाळायची सवय आहे. गावाने आधी तिकडे जावं, मग पाटी लावावी.

सुरंगी:
मी त्याच गावची, पण व्हाळापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या, वाड्यावरची. तिथली बाजू इथे कुणी मांडलेली नाही, म्हणून लिहिते.

माझ्या आजीला त्या झरीच्या वरच्या पायरीवर पाय ठेवायची मुभा नव्हती. आमच्या बायका खाली, पाणी वाहून जातं तिथे भरायच्या. ज्या दगडावर कपडे आपटायच्या असं माटोळीताईंनी लिहिलं, त्या आमच्या बायका. वीरगळ सुलटा झाला, चांगलं झालं. पण त्या बायका तिथे का होत्या आणि वर का नव्हत्या, हे कुणी लिहून ठेवलं आहे का?

आमचं घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत. भाटकाराच्या जमिनीत राहणाऱ्यांना हाकलण्यापासून वाचवणारा १९७५ चा मुंडकार कायदा आला म्हणून बाबांना रात्री झोप लागू लागली, असं ते सांगायचे. तोही गावाचा इतिहास. मास्तर चांगले होते, मला त्यांनी शिकवलं, हात धरून अक्षर वळवलं. पण देऊळ, गावकार म्हणजे गावातली मूळ घराणी, त्यांचे वांगड म्हणजे कुळं, दानपत्रं याबद्दल त्यांनी जेवढं लिहिलं, त्याच्या चौथाईने तरी आमच्या वाड्याबद्दल लिहिलं का? आमच्या धालोच्या मांडाला, म्हणजे बायका जिथे धालोची गाणी म्हणत नाचतात त्या अंगणाला, आजही कागदावर नाव नाही. वाटेला त्यांचं नाव देणार असाल तर त्यांनी सांगितला तेवढाच गावाचा इतिहास असं पक्कं होऊन जाईल, ही माझी भीती आहे.

गवंडी:
झरीच्या पायऱ्यांना चुना लावला तो माझ्या वडिलांनी. पाच दिवस चुना भिजत घातला होता, गुळाचं पाणी घातलं होतं. मास्तर रोज येऊन बोट लावून बघायचे. मला वाटतं नाव द्यावं. पाटी असली की पुढचा ठेकेदार सिमेंटचं पोतं फोडण्याआधी कुणाला तरी विचारेल.

खाजनकाठ:
गवंडीभाऊ, पाटीला कायद्याचं बळ नसतं. गोव्याच्या १९७८ च्या स्मारक कायद्याखाली संरक्षण मिळतं ते सरकारने जाहीर केलेल्या जागांना. त्यात मोठी देवळं, किल्ले, गुंफा. खेड्यातली झर, तिच्या पायऱ्या, काठावरचा एक वीरगळ यांना बहुतेक कुणी वाली नसतो. ग्रामसभेत ठराव करायचाच तर असा करा की या जागेवर चुन्याशिवाय काम होणार नाही आणि दगड हलवला जाणार नाही. मास्तर त्यासाठीच तीन दिवस बसले होते ना?

चिरेबंदी:
खाजनकाठ यांच्या या ठरावाला माझा पूर्ण पाठिंबा. सुरंगी, तू लिहिलंस ते वाचून मी माझी पाचवीतली वही काढली. माझ्या चाळीस नावांत व्हाळापलीकडची फक्त तीन आहेत. आम्हाला तिकडे कुणी पाठवलंच नव्हतं आणि आम्हीही गेलो नाही. हा दोष एकट्या मास्तरांवर टाकता येणार नाही, पण उणीव आहे हे खरं.

माटोळी:
दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण मास्तरांच्या घरी गेले होते. त्यांच्या पुतण्याने मुंबईहून फोनवर परवानगी दिली आणि किल्ली शेजाऱ्यांकडून मिळाली.

खाजनकाठ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरं नाही. तीन पत्र्याच्या पेट्या माळ्यावर आहेत. दोन कोरड्या आहेत. तिसरीवरचे छपराचे नळे सरकलेत आणि खाली ओल आली आहे. मोडीच्या नकलांचे गठ्ठे कडांना चिकटले आहेत, एका गठ्ठ्याला वाळवीने मधोमध भोक पाडलं आहे. मी पाटीसाठी महिनाभर लोकांना भेटत होते आणि पावसाळा डोक्यावर आला असताना माळ्यावर एकदाही चढले नव्हते. याची मला फार लाज वाटली.

सुरंगी, तुझ्यासाठी एक सांगायचं आहे. दुसऱ्या पेटीत एक वही मिळाली, शेवटच्या वर्षांतली असावी, अक्षर थरथरलेलं आहे. तिच्यात पलीकडच्या वाड्याची सहा पानं आहेत. धालोच्या गाण्यांच्या पहिल्या ओळी, कुणी सांगितल्या त्यांची नावं, आणि मांडाचा नकाशा. एक नाव तुझ्या आजीचं आहे. झरीच्या पायरीबद्दल मात्र त्यात काही नाही. मी दोनदा शोधलं.

ठराव मी बदलते आहे. झरीवाट ही झरीवाटच राहील आणि तसा फलक दोन्ही टोकांना लागेल, कारण आजवर तो नव्हताच. वीरगळाच्या भोवतीची जी मोकळी जागा आहे, जिला काहीच नाव नाही, तिला मास्तरांचं नाव. चुन्याची आणि दगड न हलवण्याची अट ठरावातच. आणि सगळ्यांत आधी पेट्या.

सुरंगी:
आजीचं नाव वाचायला मी उद्याच येते. ती गेली तेव्हा तिच्या गाण्यांतलं आमच्याकडे काहीच उरलं नव्हतं.

तरी माझं म्हणणं पुरतं संपलेलं नाही. वीरगळाजवळच्या फलकावर झरीची माहिती लिहिणार असाल तर खालच्या पाण्याची गोष्टही लिहा. एक ओळ पुरे. ती नसेल तर ग्रामसभेत मी हात वर करणार नाही.

माटोळी:
ती ओळ तूच लिही. तू लिहिशील तशीच ठरावात घालते.

चिरेबंदी:
मी अजूनही विरोधात आहे. मोकळ्या जागेलाही आज ना उद्या लोकांनीच नाव दिलं असतं, आपण घाई करतो आहोत असं मला वाटतं. ग्रामसभेत तसं बोलेन.

पेट्या उतरवायला शनिवारी सकाळी येतो. ओले गठ्ठे उन्हात टाकू नका, घाईने सोडवूही नका, पानं फाटतील. सावलीत, पंख्याखाली, मध्ये कोरा टीपकागद घालून ठेवा. नळे बदलायला गवंडीभाऊ येतील का?

गवंडी:
येतो. शिडी माझी आहे, जुने नळेही पन्नासेक आहेत.

खाजनकाठ:
वाळवी लागलेला गठ्ठा बाकीच्यांपासून वेगळा ठेवा, एका खोलीतसुद्धा नको. आणि हात लावायच्या आधी प्रत्येक गठ्ठ्याचा आहे त्या क्रमाने फोटो काढा. मास्तरांनी तो क्रम काहीतरी विचार करूनच लावला असेल.