मदत हवी आहे: सप्टेंबरमध्ये ६५ पूर्ण, मेडिकेअरला जोड म्हणून मेडिगॅप की अ‍ॅडव्हांटेज?

वाडीकर

नमस्कार मंडळी. राहणार न्यू जर्सी, अमेरिका. १४ सप्टेंबर २०२६ ला ६५ पूर्ण होतात, म्हणजे मेडिकेअर, इथला ६५ नंतरचा सरकारी आरोग्य विमा, घेता येईल. नोकरी मोठ्या कंपनीत, निवृत्ती ३१ ऑक्टोबर २०२६ ला, त्याच दिवशी कंपनीचा विमा संपतो. हा विमा आम्हा दोघांचा आहे, हाय डिडक्टिबल (आधीचा मोठा खर्च आपला), सोबत एचएसए (उपचारखर्चासाठीचं करमुक्त बचत खातं). मेडिकेअरसाठी लागणाऱ्या नोकरीच्या ४० तिमाह्या केव्हाच भरल्यात. सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) ६७ व्या वर्षी घेणार. मला मधुमेह आहे, २०२२ मध्ये एक स्टेंट बसवलाय. पत्नीचा जन्म मे १९६४ चा, तिची नोकरी नाही. डिसेंबर ते मार्च आमचा मुक्काम कोल्हापुरात असतो.

मेडिगॅपचा, म्हणजे मेडिकेअर जे भरत नाही ते भरणाऱ्या खाजगी पूरक विम्याचा, प्लॅन जी घ्यावा, एन घ्यावा की सरळ अ‍ॅडव्हांटेज, म्हणजे मेडिकेअर खाजगी कंपनीच्या योजनेतून? पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टरांच्या बिलांचा भाग) सप्टेंबरपासूनच घ्यावं लागतं का? आणि पत्नीच्या विम्याचं काय?

निशिगंध

जी की एन हे शेवटी ठरवा, आधी तारखा लावून घ्या. तुमच्या बाबतीत पैसे आणि मनस्ताप दोन्ही तारखांवरच वाचणार आहेत.

मेडिगॅपला सहा महिन्यांची एक मुदत असते. वय ६५ आणि पार्ट बी चालू, या दोन्ही गोष्टी ज्या महिन्यात पहिल्यांदा जुळतात त्या महिन्याच्या १ तारखेपासून ती मोजतात. या काळात विमा कंपनी तब्येतीवरून तुम्हाला नाकारू शकत नाही, हप्ताही वाढवू शकत नाही. मुदत टळली की न्यू जर्सीत कंपनी प्रकृतीची प्रश्नावली पुढे करते, आणि मधुमेह व स्टेंट एकत्र दिसले की बहुतेक ठिकाणी नकार ठरलेला. न्यू यॉर्क, कनेक्टिकट इथे वर्षभर दार उघडं असतं, आपल्याकडे नाही.

आता क्रम. मेडिकेअरची नावनोंदणी तुम्हाला जून ते डिसेंबर अशी सात महिने खुली आहे. जुलैमध्ये सोशल सिक्युरिटीच्या संकेतस्थळावर फक्त पार्ट ए (इस्पितळाचा भाग) चा अर्ज करा, बी नको असं तिथेच नोंदवा. ए १ सप्टेंबरपासून सुरू होईल, त्याचा हप्ता तुम्हाला शून्य. बी चा अर्ज ऑक्टोबर महिन्यात करा, म्हणजे ते १ नोव्हेंबरला सुरू होईल. हा अर्ज नोव्हेंबरवर गेला तर बी १ डिसेंबरला सुरू होतं आणि मधला अख्खा महिना डॉक्टरचं बिल तुमच्या खिशातून.

बी दोन महिने पुढे ढकलल्याने २०२.९० डॉलरचे दोन हप्ते तर वाचतातच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मेडिगॅपची मुदत नोव्हेंबर ते ३० एप्रिल अशी पडते. सप्टेंबरपासून बी घेतलं असतं तर ती फेब्रुवारीअखेर, तुम्ही कोल्हापुरात असतानाच संपली असती. तरी एप्रिलची वाट पाहू नका. ए मुळे मेडिकेअरचं कार्ड आणि नंबर आधीच हातात असेल, तो घेऊन ऑक्टोबरमध्येच मेडिगॅपचा अर्ज १ नोव्हेंबरच्या तारखेने टाका. कंपनीकडून जुन्या विम्याचा दाखला मागून ठेवा. जुन्या आजारासाठी मेडिगॅप कंपनी सहा महिन्यांपर्यंत थांबवू शकते, पण आधीचा विमा ६३ दिवसांच्या आत जोडलेला असेल तर त्याचे महिने त्यातून वजा होतात.

पत्नीसाठी हाच क्रम फार मोलाचा आहे. नोकरी सुटण्याआधी तुमची मेडिकेअर सुरू झालेली असेल तर तिला कोब्रा (नोकरी सुटल्यावर कंपनीचा तोच विमा स्वखर्चाने चालू ठेवण्याची सोय) १८ ऐवजी ३६ महिने मिळतो, आणि ते ३६ महिने तुमच्या मेडिकेअरच्या तारखेपासून मोजतात. म्हणजे ३१ ऑगस्ट २०२९ पर्यंत. तिची मेडिकेअर १ मे २०२९ ला सुरू होईल, बरोबर पोहोचते. यासाठी पार्ट ए पुरतं. उलट, आधी निवृत्ती आणि मग मेडिकेअर असं झालं तर एप्रिल २०२८ ला कोब्रा संपतो आणि तिला वर्षभर दुसरा विमा शोधावा लागतो. कोब्राचा हप्ता पूर्ण रकमेच्या १०२ टक्क्यांपर्यंत असतो, तेव्हा मार्केटप्लेसचाही (सरकारी विमा-बाजार) भाव काढा. तिथे विमा गेल्यापासून ६० दिवस मिळतात. कंपनीच्या एचआरला ए च्या तारखेचं पत्र स्वतः द्या, त्यांच्या यंत्रणेत १८ महिनेच आपोआप येतात.

ए सुरू झालं की एचएसएत तुमच्या नावाने पैसे टाकता येत नाहीत. २०२६ ची कुटुंबाची मर्यादा ८,७५० आणि वयाचे जादा १,०००, त्याचे आठ महिने धरले तर ६,५०० डॉलर. सप्टेंबरच्या पगारातून होणारी कपात ऑगस्टमध्येच थांबवायला सांगा. साठलेले पैसे पार्ट बी, डी (औषधांचा भाग) आणि अ‍ॅडव्हांटेजच्या हप्त्याला करमुक्त वापरता येतात, मेडिगॅपच्या हप्त्याला मात्र नाही.

पंचगंगा

कोल्हापूरचा मुद्दा वेगळा बघायला हवा. मूळ मेडिकेअर भारतात एक डॉलरही देत नाही. प्लॅन जी आणि एन दोन्हींत परदेशातल्या तातडीच्या उपचाराची सोय आहे, पण तिच्या अटी लोक वाचत नाहीत. अमेरिका सोडल्यापासून पहिल्या ६० दिवसांत उद्भवलेली तातडी असेल तरच. वर्षाला २५० डॉलर आधी तुमचे, उरलेल्याचे ८० टक्के त्यांचे, आणि आयुष्यभराची कमाल ५०,००० डॉलर. इस्पितळाचं बिल ६,२५० डॉलर झालं तर ४,८०० परत मिळतील, १,४५० तुमचे.

डिसेंबरच्या १ तारखेला निघालात तर जानेवारी संपायच्या आत ते साठ दिवस संपतात. फेब्रुवारी-मार्चसाठी वेगळी प्रवासी वैद्यकीय पॉलिसी घ्या, आणि त्यात स्टेंटसारखा आधीचा आजार अचानक बळावल्यास काय, ते कलम वाचून घ्या. ६५ नंतर अनेक पॉलिस्यांत त्यासाठीची रक्कम एकदम खाली येते.

इस्पितळात पैसे आधी आपणच भरायचे. निघताना डिस्चार्ज समरी, प्रत्येक तपासणीची वेगळी रक्कम दाखवणारं बिल आणि शिक्क्याची पावती घ्या. ‘एकूण रु.’ अशी एकच ओळ असलेल्या बिलावर दावा अडकतो.

आणखी एक. सोशल सिक्युरिटी घेत नाही म्हटल्यावर पार्ट बी चं बिल दर तीन महिन्यांनी टपालाने येईल, आणि नेमकं घर बंद असताना. ते थकत गेलं की बी बंद, मग मेडिगॅपही निरर्थक. मेडिकेअर इझी पे लावून बँकेतून परस्पर वळते करा. ते सुरू व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणून पहिलं बिल हाताने भरा.

मोगरा

जी आणि एन बद्दल. अक्षर तेच असेल तर लाभ सगळ्या कंपन्यांचे अगदी सारखे, फरक फक्त हप्त्याचा. त्यामुळे नाव बघून जास्त पैसे मोजू नका. हप्ता वयानुसार चढतो की नाही, मागच्या चार-पाच वर्षांत किती वाढला आणि नवरा-बायकोला सूट आहे का, एवढं विचारा. पॉलिसी मात्र प्रत्येकाची वेगळी असते.

दोन्हींत इस्पितळात दाखल झाल्यावर तुमच्या वाट्याला येणारे पहिले १,७३६ डॉलर आणि डॉक्टरच्या बिलातले तुमच्या वाट्याचे २० टक्के भरले जातात. पार्ट बी चे वर्षाचे पहिले २८३ डॉलर दोन्हींत तुमचे. त्यापुढे एन मध्ये डॉक्टरच्या भेटीला २० डॉलरपर्यंत आणि इमर्जन्सीला ५० पर्यंत द्यावे लागतात, दाखल केलं तर ते ५० माफ. एखादा डॉक्टर मेडिकेअरच्या दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त लावत असेल तर ते जी भरतो, एन नाही. समजा हप्त्यात महिन्याला ३५ चा फरक आहे, म्हणजे वर्षाला ४२०. एन मध्ये २१ भेटींपर्यंत तोटा नाही. तुमचे डॉक्टर मेडिकेअरचा दर स्वीकारतात का तेवढं दवाखान्यात फोन करून विचारा. स्वीकारत असतील तर मी एन घेण्याकडे झुकेन.

अ‍ॅडव्हांटेज तुमच्यासाठी नको असं माझं स्पष्ट मत आहे. हप्ता कमी, दात-डोळ्यांची थोडी सोय, पण ठरलेले डॉक्टर, अनेक उपचारांना आधी परवानगी, आणि योजनेच्या जाळ्यातल्या डॉक्टरांकडच्या खर्चाचीही कमाल वर्षाला ९,२५० डॉलरपर्यंत असू शकते. ६५ ला पहिल्यांदाच ते घेतलं तर बारा महिन्यांत परत फिरून तब्येतीच्या प्रश्नांशिवाय मेडिगॅप घेता येतो. त्यानंतर अ‍ॅडव्हांटेज सोडता येईल, पण मेडिगॅप मिळेलच असं नाही.

औषधांसाठी पार्ट डी वेगळा, तोही १ नोव्हेंबरपासून. मेडिकेअरच्या संकेतस्थळावर औषधाचं नाव, मात्रा आणि दुकान टाकून शोधा. तिथे फक्त हप्ता बघू नका, वर्षाचा एकूण खर्च बघा. यंदा खिशातून कमाल २,१०० डॉलर, इन्सुलिन असेल तर महिन्याला जास्तीत जास्त ३५.

वाडीकर

खूप आभार. दोन शंका उरल्या. २०२४ चं आमचं एकत्र उत्पन्न २ लाख ३० हजार होतं, त्यावर जादा हप्ता लागतो म्हणे? आणि सासूबाई ७४ वर्षांच्या, ग्रीन कार्डावर इथे सलग सहा वर्षं. त्यांना काही मिळेल?

निशिगंध

लागतो. जोडप्याची यंदाची मर्यादा २,१८,०००, त्यामुळे बी २०२.९० ऐवजी २८४.१० येईल, डी वरही थोडी भर. पण हा जादा हप्ता कमी करून मागायला नोकरी थांबणं हे मान्य कारण आहे. एसएसए-४४ फॉर्म भरा, निवृत्तीची तारीख असलेलं कंपनीचं पत्र आणि त्या वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज जोडा. जानेवारीपासून पगार पूर्ण थांबलेला असतो, म्हणून २०२७ च्या अंदाजावर अर्ज जास्त पक्का ठरतो.

सासूबाईंना पाच वर्षं झाली, म्हणून विकत घेता येईल: ए ५६५ आणि बी २०२.९०, दर महिना. मुलीच्या किंवा जावयाच्या तिमाह्या त्यांना चालत नाहीत. नुसतं बी घेता येतं, पण मेडिगॅपला दोन्ही लागतात. त्यांची पहिली मुदत पाच वर्षं पुरी झाल्याच्या आसपासच होती, ती टळली असेल तर जानेवारी ते मार्च नावनोंदणी आणि उशिराचा दंड. उत्पन्न कमी असेल तर राज्याच्या मेडिकेअर बचत योजनेचा अर्ज आधी करा, त्यात दंडही जातो. हे समोर बसून करायचं असेल तर प्रत्येक राज्यात शिप नावाची मोफत सल्लासेवा आहे, ते कुठल्याही कंपनीची पॉलिसी विकत नाहीत.