मदत हवी आहे: गरवायच्या ब्रेडची (विणलेल्या दोरीची) गाठ सारखी सुटते

जयगडचा_गरवणारा
परवा पौर्णिमा, उधाणाची भरती चुकवायची नाहीये, म्हणून लवकर सांगा. रीलवर नवीन ब्रेड भरली तेव्हापासून हा त्रास सुरू झालाय. जिताडा मासा लागतो, एक उडी मारतो आणि दोरी एकदम हलकी. ओढून बघावं तर गाठ गायब. लूर (नकली आमिषं) जातात ते वेगळंच, आणि त्यांच्या किमती तुम्हाला माहीत आहेत. कोणती गाठ घालू? यूट्यूबवर बघा म्हणू नका, तिथे प्रत्येक जण आपलीच गाठ जगात भारी म्हणून दाखवतो.

वाशिष्ठी
कुठली गाठ सुटते? ब्रेड आणि लीडर (ब्रेडपुढे जोडलेला दोरा) यांच्यामधली, की लूरकडची? ब्रेडची जाडी किती पीई? लीडर आहे का?

जयगडचा_गरवणारा
अहो, गाठ सुटते एवढं सांगितलं ना. ब्रेड पीई २. लीडर आहेच, तो कोण लावत नाही?

तंगूसवाला
ब्रेड काढून टाका आणि ०.५० मिमीचा तंगूस (नायलॉनचा एकपदरी दोरा) भरा. आमच्याकडे वडिलांपासून तंगुसावर हातानेच गरवतात. तंगुसाला ताण असतो, माशाची उडी तो पोटात घेतो. ब्रेड खडपावर (खडकांवर) कालवांना नुसती घासली तरी तुटते. खाडीत तिचं कामच काय?

एफजी_भक्त
काका, त्यांनी ब्रेड वापरू का असं विचारलेलं नाही. पीई २ म्हणजे ०.२३५ मिमी. तेवढ्याच ताकदीचा तंगूस याच्या जवळपास दुप्पट जाड होतो, मग तो लांब फेकला जात नाही. धागाकर्ते, ब्रेड थेट लीडरला जोडणारी एफजी नॉट शिका, विषय संपला.

वाशिष्ठी
विषय संपला नाही, कारण अजून आपल्याला काय सुटतंय तेच कळलेलं नाही. दादा, एक करा. परत आलेल्या दोरीचं टोक बघा. टोकाला कुरळ्या वळ्या असतील तर गाठ घसरून सुटलीय. टोक पिंजारलेलं, पदर वेगळे झालेले असतील तर ती घासून तुटलीय. या दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

जयगडचा_गरवणारा
कुरळं आहे. डुकराच्या शेपटीसारखं.

वाशिष्ठी
मग घसरलीय. आता गाठ कोणती आणि कशाला घातली ते सांगा.

जयगडचा_गरवणारा
ब्रेडला स्विव्हल (फिरती कडी), स्विव्हलला हातभर फ्लुरोकार्बनचा लीडर ४० पाऊंडचा, त्याला लूर. गाठ नेहमीचीच, पाच वेढे मारून टोक खालच्या फटीतून काढून पुन्हा मोठ्या फासातून घ्यायची ती. तंगुसाला ती कधीच सुटली नाही.

वाशिष्ठी
हे आधी सांगायला हवं होतं! ती इम्प्रूव्ह्ड क्लिंच. तंगुसाला चांगली, ब्रेडला नाही. ब्रेड पॉलिइथिलीनची असते, अंगाने गुळगुळीत आणि बारीक. पाच वेढे एकमेकांना धरून ठेवत नाहीत, जोर आला की टोक हळूहळू आत सरकतं. स्विव्हलला पालोमार घाला. ब्रेड दुमडून दुहेरी करा, स्विव्हलच्या डोळ्यातून काढा, त्या दुहेरीचीच साधी सैल गाठ मारा आणि राहिलेल्या फासातून अख्खं स्विव्हल काढा. दोन्ही पदर शेजारी शेजारी राहू द्या, एकमेकांवर चढले की गाठ कमजोर होते. थुंकीने ओली करून मगच आवळा. कोरडी आवळली की घासून तापते, आणि या दोऱ्याला उष्णता अजिबात सोसत नाही. टोक तीन-चार मिमी ठेवून कापा.

मालवणी_जलचर
आमच्याकडे जिताड्याला चणक म्हणतात. तव्यावर रवा लावून केलेल्या तुकडीला तोड नाही. जयगडला किती किलोचे लागतायत?

एफजी_भक्त
पालोमारने आजची अडचण सुटेल, पण स्विव्हल मधे असलं की ते रॉडच्या टोकाच्या कडीत अडकतं, म्हणून लीडर हातभरच ठेवावा लागतो. जिताड्याच्या गलफडाच्या कडेला सुरीसारखी धार असते. तो डोकं झटकतो तेव्हा हातभर लीडर पुरत नाही. एफजी घातली की गाठ कड्यांतून सरळ निघून जाते, मग वावभर लीडर ठेवता येतो. यात ब्रेडला गाठच नसते. ब्रेड ताणून धरायची आणि लीडरवर एकदा वरून, एकदा खालून असे वीसेक वेढे एकमेकांना चिकटून घ्यायचे. मग ओलं करून दोन्हीकडून जोरात ओढायचं. ब्रेडचा रंग गडद झाला की समजायचं पकड बसली. रंग बदलला नाही तर सोडून परत घाला. मग हाफ हिच (साधा अर्धा फास) मारून कुलूप लावा, लीडरचं टोक मुळापाशी कापा आणि पुढे ब्रेडवर आणखी काही हाफ हिच मारा. ओढताना हाताला फडकं गुंडाळा, ब्रेड बोटं कापते.

डबल_युनी
एफजी घरी पंख्याखाली बसून सुंदर होते. रात्री वाऱ्यात, डोक्यावर बॅटरी लावून, हलत्या होडीत घालून दाखवा. ब्रेड-लीडर जोडायला डबल युनी गाठ घाला: ब्रेडच्या बाजूला आठ वेढे, लीडरच्या बाजूला चार. दोन मिनिटांत होते.

एफजी_भक्त
आणि कड्यांत खडखडते त्याचं काय? फेकताना गाठ कडीला आपटते, तिथेच ब्रेड झिजते.

डबल_युनी
लीडर ४० पाऊंडचा आहे हो, ८० चा नाही. या जाडीला निघून जाते. आणि अर्धवट बसलेल्या एफजीपेक्षा नीट बसलेली युनी कधीही बरी.

वाशिष्ठी
हे शेवटचं वाक्य मला पटतं. घरी एफजी, खाडीवर तुटली तर डबल युनी. भांडू नका.

फक्त_वाचक
गाठीवर फेविक्विकचा थेंब टाका, कधीच सुटणार नाही.

वाशिष्ठी
नको. गाठ मुळात घसरती असेल तर गोंद तिला धरत नाही. शिवाय ब्रेड तेवढ्यापुरती कडक होते आणि कडक-मऊच्या हद्दीवर वाकून वाकून तुटते.

रीलतज्ज्ञ
रीलच्या स्पूलवर (दोरी गुंडाळायच्या चाकावर) ब्रेड थेट बांधलीय का? आधी थोडा तंगूस गुंडाळा, नाहीतर अख्खी ब्रेड स्पूलभोवती गरगर फिरते. आणि रील ४००० साइझचंच घ्या.

जयगडचा_गरवणारा
रील विचारलेलं नाही. पालोमार घातली. ओढून बघितली, हात दुखला पण सुटली नाही. एफजीचा रंग मात्र बदलत नाहीये, दोनदा सोडली.

एफजी_भक्त
ब्रेड ढिली धरताय. टोक दाराच्या कडीला बांधा, रॉड मांडीखाली दाबून ब्रेड तारेसारखी ताणा आणि मग लीडर तिच्याभोवती फिरवा. ब्रेड स्थिर, हलतो तो लीडर.

रीलतज्ज्ञ
ड्रॅग (रीलचा ब्रेक) किती ठेवलाय? घट्ट आवळून ठेवला असेल तर कुठलीही गाठ जाईल. सर्वात कमजोर जागा जितकी सोसते त्याच्या चौथाई ते तिहाई ठेवा.

जयगडचा_गरवणारा
पूर्ण घट्ट. नाहीतर मासा खडपात घुसतो.

रीलतज्ज्ञ
पूर्ण घट्ट?? आणि हे आत्ता सांगताय?

तंगूसवाला
तंगूस असता तर ताणला गेला असता.

खाडीची_लेक
एक विनंती. मोठा जिताडा ही बहुतेक मादीच असते. हे मासे आधी नर असतात आणि वाढल्यावर मादी होतात. थोराड मासा लागला तर पाण्यातच गळ काढून सोडून द्या. खायला मध्यम आकाराचे पुरतात.

मालवणी_जलचर
मान्य, मध्यमच चवीला चांगला. पण मला कोणी सांगेल का, ब्रेड कापायला काय वापरता? नेलकटरने नुसती पिंजारते.

डबल_युनी
दातेरी पात्याची कात्री घ्या, ब्रेडसाठी मिळते. आणि कापताना दोरी ताणून धरा.

जयगडचा_गरवणारा
झाला रंग! हिरवट काळा झाला. ड्रॅग ढिला करतोय. लूरकडे फ्लुरोकार्बनला क्लिंचच ठेवू ना?

वाशिष्ठी
ठेवा, तिथे चालते. पण लूर मोकळा नाचायला हवा असेल तर फासाची गाठ घाला. लूर तरंगता आहे की बुडता?