झांबालेसचं क्रोमाइट: एकाच ओफिओलाइटमध्ये दोन जाती कशा?

कातळवाट:
फिलिपाइन्समधल्या झांबालेस ओफिओलाइटबद्दल (जमिनीवर चढलेला सागरी कवच-प्रावरणाचा तुकडा) विचारायचंय. त्यातल्या कोटो भागातल्या क्रोमाइटमध्ये (क्रोमियमचं धातुक) ॲल्युमिनियम भरपूर, म्हणून ते भट्टीच्या विटांसाठी जातं. आकोहे भागातलं जास्त क्रोमियमवालं, ते फेरोक्रोमसाठी (पोलादात घालायचा लोह-क्रोमियमचा मिश्रधातू). दोन्हीकडे यजमान खडक हार्झबर्गाइटच (ऑलिव्हिन आणि ऑर्थोपायरॉक्सीन या खनिजांचा प्रावरणातला खडक). मग हा फरक आला कुठून? आणि इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबच्या (कणातल्या एकेका बिंदूची रासायनिक घडण मोजणारं यंत्र) आकड्यांवरून तो कसा वाचायचा?

पातळछेद:
आधी दक्षिण आफ्रिकेतल्या बुशवेल्डचे क्रोमाइटचे सपाट थर डोक्यातून काढा. इथे धातुक भिंगासारख्या गोळ्यांत सापडतं आणि भोवती ड्युनाइटचं, म्हणजे जवळपास निव्वळ ऑलिव्हिनच्या खडकाचं, कवच असतं. खरी गोम त्या कवचात आहे. वर चढणारा शिलारस हार्झबर्गाइटमधलं ऑर्थोपायरॉक्सीन विरघळवतो आणि ऑलिव्हिन मागे टाकतो, त्याचंच ड्युनाइट होतं. पायरॉक्सीन पोटात गेल्यामुळे शिलारसातली सिलिका वाढते. त्यात खालून ताजा शिलारस मिसळला की काही काळ एकटं क्रोमाइटच खाली बसतं.

आता हिशोब बघा. शिलारसात क्रोमियम असतं जेमतेम काहीशे पीपीएम (दशलक्ष भागांत इतके भाग). त्यातलं २०० पीपीएम बाहेर पडलं आणि धातुकात ३५ टक्के क्रोमियम धरलं, तर एक टन धातुकामागे १,७५० टन शिलारस लागतो. एवढा माल एका जागी साठून राहत नाही, म्हणून वाहती नळी मानावी लागते.

तेव्हा यजमान खडक सारखा असला तरी नळीतून काय वाहिलं ते महत्त्वाचं. कोटोला वाहिला तो मध्यसागरी पर्वतरांगांवरच्या बेसाल्टच्या जवळचा शिलारस. आकोहेला बोनिनाइटच्या वळणाचा, म्हणजे आधीच पिळून निघालेलं प्रावरण पाण्याच्या मदतीने पुन्हा वितळून झालेला.

मायक्रोप्रोब:
आकड्यांचं सांगतो. क्रोमियम नंबर म्हणजे क्रोमियम भागिले क्रोमियम अधिक ॲल्युमिनियम, पण अणूंच्या प्रमाणात. वजनी टक्के थेट भरलेत तर चुकेल. क्रोमियम ऑक्साइड ३६ आणि ॲल्युमिना ३० टक्के असेल तर ०.४५ येतो, ५४ आणि १४ असेल तर ०.७२. दोन जातींमधली ढोबळ सीमा ०.६: खाली ॲल्युमिनियमवालं, वर क्रोमियमवालं.

शिलारसातला ॲल्युमिना काढायला मोरेल यांचं सूत्र: स्पिनेलमधला (क्रोमाइट याच खनिजगटातलं) ॲल्युमिना = ०.०३५ × (शिलारसातला)^२.४२. वरच्या ३० आणि १४ टक्के ॲल्युमिनाला सुमारे १६.३ आणि ११.९ टक्के मिळतात.

कातळवाट:
एकाच कणात क्रोमियम नंबर गाभ्याला ०.७० आणि कडेला ०.८५ येतोय. कड जास्त बोनिनाइटी समजायची का?

मायक्रोप्रोब:
अजिबात नाही! ती फेरिटक्रोमाइटची, म्हणजे बदललेल्या लोहयुक्त क्रोमाइटची कड. पाण्यामुळे ऑलिव्हिनचं सर्पेंटाइन होताना आणि नंतरच्या रूपांतरणात ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम निघून जातं, लोह वाढतं, आणि नंबर फुगतो. परावर्तित प्रकाशात ही कड गाभ्यापेक्षा उजळ दिसते. बिंदू गाभ्यातच घ्या, भेगांपासून लांब. फेरिक (त्रिसंयुजी) लोह प्रोब वेगळं देत नाही. ४ ऑक्सिजनला ३ कॅटायन (धन आयन) धरून काढा. व्हॅनेडियम मोजत असाल तर टायटॅनियमची के-बीटा ही क्ष-किरण रेषा त्यावर चढते, दुरुस्ती लावा.

पातळछेद:
आणि नमुना भरीव धातुकाचा घ्या. विखुरलेल्या कणांत थंड होताना क्रोमाइट मॅग्नेशियम ऑलिव्हिनला देऊन बसतं. भरीव धातुकात ऑलिव्हिनच कमी, त्यामुळे क्रोमाइट फारसं हलत नाही. बदलतं ते ऑलिव्हिन. तिथे ऑलिव्हिनमध्ये फोर्स्टराइट (मॅग्नेशियमचा वाटा) ९५-९६ टक्के दिसलं तर त्यावरून शिलारसाचं तापमान काढत बसू नका.