प्रवासात मधेच जंगलात दोन रात्री तंबूत राहायचंय, पायवाटा किती फिरायच्या?

नवखी_भटकी:
नमस्कार मंडळी. कारने लांबचा प्रवास आहे, सलग गाडी चालवून जीव मेटाकुटीला येतो म्हणून यावेळी मधे एका जंगलातल्या कॅम्पसाइटवर दोन रात्री थांबायचं ठरवलंय. मी, नवरा आणि आठ वर्षांची लेक. तिथून तीन पायवाटा निघतात, ४ किमी, ७ किमी आणि तिसरी ११ किमीची जिला ६०० मीटर चढ आहे. नवऱ्याला तिन्ही करायच्यात, मला मात्र निवांत राहायचंय. शिवाय गेल्या वेळी पाऊस नसताना तंबू सकाळी आतून ओलाचिंब होता, स्लीपिंग बॅगचं पायाकडचं टोक भिजलं आणि लेक रात्रभर कुडकुडली. आमचं काय चुकलं असेल?

तंबूवाली:
ताई, ओढ्याच्या अगदी काठाला, खोलगट जागी तंबू ठोकला होतात का? रात्री थंड हवा जड होऊन खाली उतरते आणि अशाच जागी साचते, त्यात तिघांच्या श्वासातली वाफ गार कापडाला लागली की तिचं पाणी होतं. थोडी उंचावरची जागा बघा, पाण्यापासून निदान ६० मीटर लांब, म्हणजे पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची वाटही अडत नाही. आणि थंडी वाजते म्हणून तंबूच्या खिडक्या बंद करू नका, वरची झडप उघडीच ठेवा. लेकीला थंडी बहुतेक जमिनीतून लागली असणार. अंगाखाली स्लीपिंग बॅगेचा कापूस दबतो आणि दबलेला कापूस ऊब धरत नाही, म्हणून चांगली जाड मॅट हवीच, पांघरुणं वाढवून फार फरक पडत नाही. तंबू ठोकायच्या आधी वर मान करून वाळक्या फांद्या बघा, हे मी कधीच चुकवत नाही.

रानवाट:
पायवाटांचं सांगतो. १८९२ पासून चालत आलेला नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा हिशोब आहे, ५ किमीला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे तुमची ११ किमीची वाट सव्वातीन तासांची, पण ती धडधाकट मोठ्या माणसाला, न थांबता. आठ वर्षांच्या पोरीबरोबर मी सरळ दुप्पट धरेन, मग अख्खा दिवस गेला आणि दुसऱ्या दिवशी परत स्टिअरिंग धरायचंय. दादांना सांगा, ती वाट पुढच्या खेपेला.

पोचाल त्या दिवशी नुसतं उजेडात तंबू लावून आजूबाजूला रमतगमत फिरा. मधल्या दिवशी ७ किमी, तेही लेकीला पुढे ठेवून, झाडावरची पुढची खूण तिने शोधायची. माझा पुतण्या एका कुजक्या ओंडक्यापाशी अर्धा तास उकिडवा बसला होता, सालीच्या फटीतून मुंग्या पांढरी अंडी तोंडात धरून एकामागून एक दुसरीकडे हलवत होत्या, आम्ही घाई केली असती तर ते बघायचं राहूनच गेलं असतं. त्या चालीतलं मला बाकी काहीच आठवत नाही, तेवढं मात्र लख्ख आठवतंय!

सूर्य आणि क्षितिज यांच्यात हात लांब करून चार बोटं मावली की सूर्यास्ताला साधारण तास उरलाय समजा. झाडीत त्याआधीच अंधारतं, तेव्हा परत फिरा.

हिरवाकोपरा:
एक राहिलं, गोचीड. गवतातून चालून आलात की लेकीच्या कानामागे, काखेत, गुडघ्यामागे बघा. चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, तेल लावणं किंवा चटका देणं अजिबात नको.

नवखी_भटकी:
सगळ्यांचे मनापासून आभार! हो, ओढ्याकाठीच होतो, पाण्याचा आवाज ऐकत झोपू म्हणून. ७ किमीवर नवरा तयार झालाय. पण निघायच्या सकाळी तंबू ओला असेल तर तसाच गुंडाळायचा का? वाळेपर्यंत थांबलो तर उशीर होतो.

तंबूवाली:
झटकून, फडक्याने पुसून गुंडाळा, पण बाहेरचं कव्हर वेगळ्या पिशवीत भरा आणि ती पिशवी डिकीत सगळ्यात वर ठेवा. दुपारी जिथे थांबाल तिथे उन्हात पसरा, वीस मिनिटांत वाळतं. ओलं दोन-तीन दिवस राहिलं तर बुरशीचे काळे ठिपके पडतात, ते मग निघत नाहीत.